अलकेची बाजू कोण मांडणार?

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या वाचन गटाला मी वि. स. खांडेकरांची 'ययाति' सुचवली. महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-नऊ जण जमतो. दोन निवृत्त शिक्षिका, एक बसचालक, एक नर्स, विद्यापीठात शिकणाऱ्या दोघी मुली आणि मी, मूळची कोल्हापूरची, इथं येऊन 17 वर्षं झालेली. वाय. पी. कुलकर्णींनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळतं, त्यामुळे अडचण नव्हती. 1959 साली आलेली ही कादंबरी, 1960 चं साहित्य अकादमीचं पारितोषिक, आणि 1974 साली खांडेकरांना मिळालेलं ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलंच. हे सगळं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या गावच्या माणसाचं पुस्तक आहे, नीट वाचलं जावं, एवढीच इच्छा होती.

मी दिवाळीतच तो बेत शाळेच्या मैत्रिणींच्या गटावर सांगितला आणि तिकडे वेगळंच रण पेटलं. एकीनं लिहिलं, "शर्मिष्ठेचं एवढं काय कौतुक? मैत्रिणीचा नवरा तो." दुसरीनं देवयानीचा उद्धार केला. तिसरी म्हणाली, अशी बायको असेल तर कुठला पुरुष घरात रमेल? मग एकीनं विचारलं, हे पुस्तक अकरावीतल्या मुलीच्या हातात द्यावं का? दोन दिवस संदेश थांबेनात. चाळिशी ओलांडलेल्या आम्ही, कुणी बँकेत, कुणी शेती बघते, कुणी शाळेत शिकवते. पण त्या दोन दिवसांत सगळ्या जणी हस्तिनापुरात राहत होत्या.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. शर्मिष्ठा राजकन्या, देवयानी राजगुरू शुक्राचार्यांची मुलगी. पाण्यावर गेल्या असताना वस्त्रांची अदलाबदल होते, त्यावरून भांडण पेटतं आणि शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. ययाती तिला बाहेर काढतो. देवयानी त्याच्याशी लग्न करते आणि शिक्षा म्हणून शर्मिष्ठेला आयुष्यभराची दासी करून सासरी नेते. तिथं ययाती आणि शर्मिष्ठा एकमेकांचे होतात, गुपचूप. पुढे शुक्राचार्यांच्या शापानं ययातीला म्हातारपण येतं आणि शर्मिष्ठेचा मुलगा पुरू आपलं तारुण्य बापाला देऊन टाकतो.

कोल्हापूरकडचा वाद नवरा कुणाचा या प्रश्नाभोवती फिरत होता. लेस्टरच्या खोलीत तो प्रश्न कुणाला सुचलाच नाही. तिथं नर्स असलेल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या, "ती दासी आहे. तो राजा आहे. ती नाही म्हणू शकत होती का?"

मी गप्प झाले. 'ययाति' मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तेव्हापासून शर्मिष्ठा माझी. तिचं ते निमूट, काही न मागणारं प्रेम मला जगातलं सगळ्यात उंच वाटायचं. देवयानीचा मला राग यायचा. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की जी बाई आपल्या मर्जीनं त्या घरात राहिलेलीच नाही, तिच्या प्रेमाचं मोजमाप कसं करायचं. मी त्या बाईंना सांगितलं की मूळ महाभारतात, आदिपर्वात, पुढाकार शर्मिष्ठेचाच आहे. ती ययातीकडे जाते, ऋतुदान, म्हणजे मूल व्हावं म्हणून त्याचा संग, मागते, मैत्रिणीचा पती तो आपलाही पती असा युक्तिवाद करते, आणि राजा आधी आढेवेढे घेतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तिच्याकडे दुसरा कुठला दरवाजा उघडा होता? दासीला मूल हवं असेल तर तिनं कुणाकडे जायचं? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, झालं, परदेशात गेली आणि आता आम्हाला शिकवायला लागली. म्हणून त्याच खोलीतलं दुसरंही सांगते. दोघी विद्यार्थिनींपैकी एकीनं साठेक पानांवर पुस्तक मिटलं. ययाती तिला सहन होईना. तो फक्त स्वतःचा विचार करतो, असल्या माणसाबरोबर मी चारशे पानं का घालवू, असं ती म्हणाली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यात काय काय आहे याची सूचना हवी होती, असंही तिचं म्हणणं पडलं. तिची तगमग खरी होती आणि तिला हिणवायची माझी अजिबात इच्छा नाही. एखाद्या पानानं जुनी जखम उघडते हे मी पाहिलेलं आहे. पण नायक नकोसा झाला म्हणून पुस्तक मिटणं हे माझ्या पचनी पडत नाही. ययाती नकोसा वाटावा म्हणूनच खांडेकरांनी तो तसा लिहिला आहे. उपभोगामागे धावणारा आजचा माणूस त्यांना त्याच्यात दिसत होता. साठाव्या पानावर उठून गेलं तर तो शेवटी स्वतःकडे कसा बघतो हे कळणारच नाही.

आणि इथं मला माझ्या मैत्रिणींचा अभिमान वाटतो. त्यांच्यातल्या एकीनंही पुस्तक मिटलं नव्हतं. ज्या देवयानीला नावं ठेवत होत्या, तिची पानंच्या पानं त्यांना पाठ होती. आपल्याकडे पुस्तकातल्या माणसांशी नात्यातल्या माणसांसारखं भांडतात. नणंदेशी भांडण झालं म्हणून कुणी तिच्या घरची वाट सोडत नाही, तसंच हे. शुक्राचार्यांचा शिष्य असलेल्या कचानं नाकारल्यावर देवयानीच्या मनाचं काय झालं असेल यावर आमच्यातली एक रात्री साडेअकराला इतकं सुंदर लिहून गेली की मी ते इंग्रजीत करून लेस्टरमध्ये वाचून दाखवलं. तिथल्या लोकांना कचाचा नकारच समजला नव्हता. शुक्राचार्यांच्या पोटातून पुन्हा जन्म घेतल्यामुळे तो स्वतःला देवयानीचा भाऊ मानतो, हे त्यांना नियमावर बोट ठेवणं वाटलं होतं. मैत्रिणीचं लिहिणं ऐकल्यावर बसचालक गृहस्थ म्हणाले, म्हणजे ती पुढचं सगळं आयुष्य त्या एका 'नाही'चं उत्तर देत राहिली.

तरीही त्या दोन दिवसांच्या वादात मला एक गोष्ट खुपली. सगळा निवाडा दोन बायकांमध्ये चालला होता. चूक देवयानीची की शर्मिष्ठेची? ययाती त्या सगळ्यात हवापाण्यासारखा होता, त्याला कुणी जबाबदार धरत नव्हतं. पुरुष तसेच असतात, हे एक वाक्य टाकून त्याची सुटका झाली.

पुस्तकातल्या नात्यांचा निवाडा कुणी करायचा हा वाद या देशात एकदा थेट न्यायालयात गेला होता. 1960 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवरून पेंग्विन प्रकाशनावर अश्लीलतेचा खटला चालला. उमराव घरातली विवाहित बाई आणि तिच्या नवऱ्याच्या जंगलाची राखण करणारा नोकर यांचं ते नातं. सरकारी वकिलांनी ज्युरींना विचारलं, तुमच्या बायकोनं किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का? ज्युरीत तीन बायका बसल्या होत्या. ज्या पुस्तकातला प्रियकरच नोकर आहे, ते नोकरांच्या हाती पडू नये ही वकिलांची चिंता. पेंग्विन सुटलं. साडेतीन शिलिंगांची दोन लाख पुस्तकं पहिल्याच दिवशी खपली असं सांगतात. 'परदेशात सगळं मोकळं असतं' असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, तेव्हा मला ते वकील आठवतात. तो मोकळेपणा इथंही भांडून घ्यावा लागला, आणि तोही फार जुना नाही.

तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला शिक्षा झाली आणि 1964 साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. इकडे सुटलेलं पुस्तक तिकडे अडकलं. पण मराठी वाचकानं त्याहून जास्त लक्षात ठेवावा असा खटला चंद्रकांत काकोडकरांचा आहे. 1962 च्या दिवाळीत 'रंभा' मासिकात त्यांची 'श्यामा' आली. एका तरुण कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची गोष्ट. मराठी साहित्याची काळजी वाहणाऱ्या एका वाचकानं तक्रार केली. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी ठरवून 25 रुपये दंड केला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष ठरवलं. त्या निकालात एक विचार असा आहे की फ्रान्समध्ये जे साहित्य ठरेल ते इंग्लंडमध्ये अश्लील ठरू शकतं, आणि त्या दोन्ही देशांत जे चालेल ते आपल्याकडे कदाचित चालणार नाही. दुसरा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. लैंगिकतेचा उल्लेख किशोरवयीन मुलांच्या नजरेला पडूच नये असा आग्रह धरला, तर लेखकांनी फक्त किशोरांसाठीच लिहावं, मोठ्यांसाठी लिहूच नये, असं होईल. अकरावीतल्या मुलीबद्दल विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हेच कळवलं. तिनं मुलीला पुस्तक दिलं.

लंडनच्या वकिलांचा तो 'नोकर' शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. आणि त्याच शब्दाच्या वाटेनं आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर शिक्षिकेनं मला पकडलं. त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या मुलीचं काय? जिला विष दिलं, तिचं?"

अलका. ययातीच्या महालातल्या दासीची मुलगी, सोनेरी केसांची, त्याच्याबरोबर वाढलेली. तारुण्यात दोघं जवळ येतात. राजमातेला कळतं आणि ती अलकेला विष देववते. ययाती पुढे सरकतो, कादंबरीही पुढे सरकते. 'ययाति'ची रचना अशी आहे की ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू स्वतः सांगतात. साठहून अधिक वर्षांपूर्वी दोन बायकांच्या हाती गोष्टीचा मोठा वाटा सोपवणं ही खांडेकरांची फार मोठी गोष्ट आहे असं मी मानते. म्हणून तर आपण देवयानीशी भांडू शकतो, तिच्या तोंडून ऐकलेलं असतं आपण. पण अलकेला निवेदन नाही. ती जे काही बोलते ते ययातीला आठवतं तेवढंच. त्या खोलीत बसून मला जाणवलं की कोल्हापूरच्या शेकडो संदेशांत अलकेचं नाव एकदाही आलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं.

याच कथेवर गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये नाटक लिहिलं, 1961 साली ते छापून आलं. ते लिहिलं तेव्हा माथेरानला जन्मलेला हा बावीस वर्षांचा मुलगा ऑक्सफर्डला निघण्याच्या तयारीत होता आणि त्याच्या जाण्यावरून घरात ताण होता. बापासाठी मुलानं आपलं आयुष्य द्यावं की नाही, हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. आई-वडिलांना मागे ठेवून विमानात बसलेल्या आमच्यासारख्यांना ते नाटक फार जवळून लागतं. माझे बाबा आजारी असताना मी इथं होते, आणि पुरूचं नाव निघालं की मला अजूनही बोलणं सुचत नाही. पण कार्नाडांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. नवऱ्यानं तारुण्य देऊन टाकलं, ते देताना मला कुणी विचारलं, असा जाब ती सासऱ्याला विचारते. आणि शेवटी ती विष घेते. पुरूचा त्याग आपण पिढ्यान् पिढ्या गायलो, पण त्याच्या घरात कुणी असेल हे एका तरुणानं पाहिलं.

वादग्रस्त नात्यांवर वाचकांनी भांडावं, जोरात भांडावं, असंच मला वाटतं. पण ते नातं योग्य की अयोग्य एवढ्यावर थांबलं की गोष्टीतली सगळ्यात दुबळी व्यक्ती दोन्हीकडून सुटते. नात्याची किंमत कुणी मोजली आणि त्या माणसाला बोलायला किती पानं मिळाली, हे विचारायला लागलो तर पुस्तकावर बंदीही घालावी लागत नाही आणि ते साठाव्या पानावर मिटावंही लागत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

गेल्या रविवारी मी मैत्रिणींच्या गटावर एवढंच विचारलं, "अलका आठवते का कुणाला?" बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. तिकडे दुपार होती, जेवणं चालली असतील. मग शेती बघणाऱ्या मैत्रिणीचा संदेश आला. "नाव आठवलं, चेहरा आठवला, पण विष कुणी दिलं ते आठवेना. कपाटातनं पुस्तक काढलंय. वाचते आणि सांगते."

तिच्या मागोमाग अकरावीतल्या मुलीच्या आईनं लिहिलं, "माझ्या लेकीला आठवतंय. ती म्हणते, पहिल्यापासून मी तिलाच शोधत होते."