विषबाधेत पोलिसांची वाट पाहू नका

‘विष घेतलेल्याला पोलीस आल्याशिवाय दवाखान्यात घेत नाहीत, शिवाय गुन्हा दाखल होतो’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालतं, वेगळं सिद्ध होईपर्यंत. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होते, पण तिच्यासाठी उपचार थांबत नाहीत.

थांबवायचं ते मिठाचं पाणी पाजणं. ओकारीतून विष श्वासनलिकेत उतरतं. भिजलेले कपडे काढा, हातमोजे घालून अंग साबणाने धुवा, डाव्या कुशीवर झोपवा, १०८ ला फोन लावा. विषारी औषधाची बाटली सोबत न्याच. लेबलवरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. बोलण्यासाठी सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.