‘कौतुक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘कौतुक’ या शब्दावरील माझ्या लेखाविषयी आपण चार गोष्टी लिहिल्या आहेत : मूळ संस्कृत अर्थ कुतूहलाचा असून वाखाणणीचा अर्थ ही अलीकडची घसरण आहे, कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्यातल्या सर्गाचा क्रमांक चुकला आहे, इतर भाषांशी तुलना नाही, आणि ‘आजीच्या आठवणींवर व्युत्पत्ती उभी राहत नाही’. क्रमांक चुकला, हे मान्य. पार्वतीची आई मेना तिच्या हाताला लोकरीचे विवाहसूत्र, म्हणजेच ‘कौतुक’, बांधते ते ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात; मी सहावा लिहिला होता. दुरुस्ती केली आहे.

आपले शेवटचे वाक्य मात्र मनाला लागले. मी ठाण्यात 31 वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि 1893 पासून चालत आलेल्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात कोश चाळण्यात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या. कोश उघडून पाहावा, हे मला कोणी असे चारचौघांत ऐकवण्याची गरज नव्हती. शिवाय आजी लेखात आली ती व्युत्पत्तीसाठी नव्हे, वापरासाठी. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत ती नातवंडांचे कौतुक करी, शेजारच्या सुनेचे करी. सासऱ्यांचे किंवा कीर्तनकारबुवांचे कौतुक केले, असे तिच्या तोंडून कधी आले नाही. त्यांच्याविषयी आदर असे. कौतुक वरून खाली, मायेने उतरते, हे मी तिच्याकडून शिकलो आणि पुढे वर्गात शिकवले. बोलणाऱ्या माणसाची साक्ष आपल्याला हलकी वाटत असेल, तर शब्दांविषयी आपण नेमके कोणाला विचारता?

राहिली घसरण. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ या ‘ज्ञानेश्वरी’तल्या ओवीत हा शब्द सहसा ‘लीलेने, सहज’ असा घेतला जातो. ती रचना 1290 ची. म्हणजे निव्वळ कुतूहलाच्या पलीकडे हा शब्द मराठीत सातशे वर्षांपूर्वीच गेला होता. आणि तरीही नवलाचा अर्थ त्याने टाकलेला नाही : ‘त्यात काय एवढे कौतुक?’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या गोष्टीत नवीन काही नाही, एवढेच सुचवायचे असते. स्तुती ठरवून, स्वार्थाने करता येते. कौतुकाला आधी थोडे चकित व्हावे लागते, आणि म्हणूनच मी त्याला स्तुतीचा पर्याय म्हटलेले नाही. लेख नीट वाचला असतात तर हे दिसले असते.

इतर भाषांची तुलना हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

पुन्हा लिहाल, तेव्हा माझ्या आजीला बाजूला ठेवा आणि ‘लेकराचे कौतुक’ यातले नवल वगळून उरलेला अर्थ दुसऱ्या कोणत्या मराठी शब्दाने सांगता येईल, तेवढे सांगा.