निळा दिवा, कायरल कॅटॅलिस्ट आणि खान्देशचं फुकटचं ऊन

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या फार्मसी आणि एम.एस्सी.च्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "निळा एलईडी लावा, चिमूटभर कायरल कॅटॅलिस्ट टाका, कुठलंही रेसिमिक औषध 100 टक्के एका एनँशिओमरचं होतं. प्रकाशच उजवा-डावा ओळखतो. रिझोल्यूशनचे दिवस संपले. हे आधी असतं तर थॅलिडोमाइड घडलंच नसतं. आणि आपल्याकडे तर ऊन फुकट!" आधी शब्द समजून घेऊ: एनँशिओमर म्हणजे उजव्या-डाव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली एकाच रेणूची दोन रूपं; असा भेद असलेला रेणू कायरल, दोन्ही निम्मे-निम्मे असलेलं मिश्रण रेसिमिक, आणि त्यांना वेगळं करणं म्हणजे रिझोल्यूशन. थॅलिडोमाइड म्हणजे गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं ते कुप्रसिद्ध औषध.

मुळातला शोध खरा आहे. 2018 साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात थॉर्स्टन बाख यांच्या गटानं 420 नॅनोमीटरचा प्रकाश आणि 2.5 मोल टक्के कायरल थायोझँथोन (प्रकाश शोषून ऊर्जा पुढे देणारा कॅटॅलिस्ट) वापरून रेसिमिक ॲलीन (सलग दोन दुहेरी बंधांचा रेणू) 97 टक्के ई.ई.पर्यंत, म्हणजे एका एनँशिओमरच्या दुसऱ्यावरच्या तेवढ्या आधिक्यापर्यंत, नेली. 2019 मध्ये नोल्स आणि मिलर यांनी चक्रीय युरियांवर हेच वेगळ्या वाटेनं, इलेक्ट्रॉन काढून-घालून करून दाखवलं. मेसेजमध्ये मात्र दाण्यांपेक्षा खडे जास्त आहेत.

"प्रकाशच उजवा-डावा ओळखतो." साध्या एलईडीला दोन्ही एनँशिओमर सारखेच. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश थोडा फरक करतो, पण दोघांच्या शोषणातला सापेक्ष फरक एक टक्का असेल तर ई.ई. अर्ध्या टक्क्यावरच अडकतो. ओळखायचं काम कॅटॅलिस्टचं. त्यातला लॅक्टम (चक्रीय अमाइड गट) ॲलीनवरच्या लॅक्टमला दोन हायड्रोजन बंधांनी धरतो. अशा पकडीत एका एनँशिओमरची ॲलीन थायोझँथोनला चिकटून येते, दुसऱ्याची लांब राहते, आणि उत्तेजित कॅटॅलिस्टची ऊर्जा (ट्रिप्लेट ऊर्जा) अंतर वाढलं की झपाट्यानं कमी पोचते. जवळचा पुन्हा पुन्हा उत्तेजित होतो, त्या अवस्थेत त्याचं उजवं-डावंपण पुसलं जातं आणि खाली येताना तो कुठल्याही बाजूला पडतो. लांबचा साठत जातो. म्हणजे हे निवडणं नाही, पालटणं आहे.

अंधारात हे का जमत नाही? 50:50 वरून पूर्ण एका बाजूला जाणं ही चढण आहे, 25 अंशांना मोलमागे सुमारे 1.7 किलोज्यूलची. चढण किरकोळ, पण अंधारातला कॅटॅलिस्ट जाण्या-येण्याच्या दोन्ही वाटा सारख्याच सोप्या करतो, म्हणून मिश्रण 50:50 वरच घुटमळतं. 420 नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांत सुमारे 285 किलोज्यूल असतात. त्या बळावर जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी राहते.

"कुठलंही रेसिमिक." ऊर्जेच्या वाटेनं जायचं तर रेणूला कॅटॅलिस्टनं धरावं अशी जागा हवी आणि उत्तेजित झाल्यावर कायरलपण जाईल असा सांधा हवा. दोन्ही नसेल तर रात्रभर दिवा जाळून फक्त वीजबिल येतं.

"100 टक्के." इथे हिशेब करून बघा. जवळचा एनँशिओमर लांबच्यापेक्षा 65 पट वेगानं उत्तेजित होतो आणि खाली येताना निम्मा-निम्मा वाटला जातो असं धरा. शेवटी प्रमाण 65:1, म्हणजे ई.ई. 97. आता पकडीशिवाय होणारं, दोघांनाही सारखं लागणारं उत्तेजन 5 एककं मिसळा: 70:6, ई.ई. 84. सगळा खेळ या 5 एककांचा आहे. ती येतात कुठून? मिथेनॉलसारखा सॉल्व्हंट हायड्रोजन बंधांच्या जागा बळकावतो आणि सुटा कॅटॅलिस्ट नुसत्या धडकेतून ऊर्जा देत सुटतो. म्हणून ॲलीनसाठी कोरडं ॲसिटोनायट्राइल. ऑक्सिजनही ट्रिप्लेट विझवतो. सेप्टममधून 15-20 मिनिटं आरगॉन सोडा, नाहीतर गोठवणं-व्हॅक्यूम-वितळवणं तीनदा.

ई.ई. वाढला म्हणजे काम झालं असंही नाही. एक एनँशिओमर नुसता जळून जात असेल तरी ई.ई. चढतो, माल मात्र घटतो. इंटर्नल स्टँडर्ड (ठाऊक वजनाचा, तुलनेसाठीचा दुसरा पदार्थ) घालून वजन जुळवा. आधी रेसिमेटची दोन्ही शिखरं कायरल एचपीएलसीवर (दोन्ही एनँशिओमर वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सुटी दिसली पाहिजेत, आणि नमुना कॉलम किंवा रिक्रिस्टलायझेशनच्या आधीचा घ्या, कारण त्या दोन्हींत ई.ई. सरकू शकतो. खरी कसोटी मात्र एकच: एका फ्लास्कमध्ये शुद्ध उजवा, दुसऱ्यात शुद्ध डावा, बाकी सगळं सारखं. दोन्ही एकाच ई.ई.वर येऊन थांबले तरच ते डीरेसिमायझेशन, म्हणजे रेसिमिक मिश्रण खरोखर एका बाजूला पालटणं.

"ऊन फुकट." उन्हातली केमिस्ट्री ही काही खुळी कल्पना नाही. बोलोन्यात चामिचान यांनी शंभरेक वर्षांपूर्वी छतावर फ्लास्क मांडले होते. पण मे महिन्यात भुसावळच्या गच्चीवर सावलीतच 45 अंश, उन्हातला फ्लास्क त्याहून तापलेला, आणि तापलं की हायड्रोजन बंधांची पकड सैल. बोरोसिलिकेट काच सुमारे 300 नॅनोमीटरपर्यंतचं अतिनील आत सोडते. मूळ पदार्थानं ते स्वतःच शोषलं तर वरची 5 एककं 50 व्हायला वेळ लागत नाही. त्या गच्चीवर कुरडया उत्तम वाळतात.

"रिझोल्यूशन संपलं." 200 रेणुभाराचा एक किलो माल म्हणजे 5 मोल. 10 मिलिमोलर द्रावणाला 500 लिटर सॉल्व्हंट लागेल. दाट करावं तर प्रकाश आत जात नाही: ॲबसॉर्बन्स सेंटीमीटरला 1 असेल तर 90 टक्के प्रकाश पहिल्या सेंटीमीटरातच संपतो, दहापट दाट केलं तर पहिल्या मिलिमीटरात. मग बारीक नळ्यांचा फ्लो रिॲक्टर आला. उलट नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक घ्या. अल्किल ग्लुकामीनचा क्षार करून हवा तो एनँशिओमर गाळतात, नको असलेला बेसनं रेसिमाइझ करून पुन्हा भांड्यात. 50 टक्क्यांची मर्यादा एका फेरीपुरतीच.

"थॅलिडोमाइड घडलंच नसतं." त्याच्या कायरल कार्बनवरचा हायड्रोजन शरीराच्या पीएचलाच सुटतो आणि परत बसतो. दिव्यानं 99 टक्के केलेली गोळीही रक्तात काही तासांत पुन्हा मिश्र होते.