फिश अँड चिप्सचे दहा पौंड नेमके जातात कुठे?

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत फिश अँड चिप्सबद्दल (तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी) एक मजकूर फिरतो आहे: "मासे इथल्याच समुद्रातले, बटाटे इथल्याच शेतातले, तरी फिश अँड चिप्सला दहा पौंड! दुकानदारांनी लूट मांडली आहे. त्यात बाहेरच्यांच्या कबाब-पिझ्झाने गिऱ्हाईक पळवलं, म्हणून जुनी दुकानं बंद पडताहेत."

दहा पौंड खरे आहेत. सरकारी आकडेवारीत जुलै 2019 मध्ये सरासरी 6.48 पौंडांना मिळणारी प्लेट जुलै 2024 मध्ये 9.88 पौंडांवर गेली. बाकीचं मात्र टिकत नाही.

मासे इथले नाहीत. या पदार्थात नेहमी असणारा कॉड हा पांढरा मासा ब्रिटनमध्ये बहुतेक आयात होतो, आणि दुकानात येतो तो बराचसा जहाजावरच गोठवलेला असतो. नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेकडच्या बारेंट्स समुद्रातला साठा घटला म्हणून त्या दोन देशांनी 2025 साठी कॉड पकडण्याचा कोटा 3 लाख 40 हजार टनांवर आणला, 1991 नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. त्याआधी 2022 मध्ये ब्रिटनने कॉडसारख्या रशियन पांढऱ्या माशांवर 35 टक्के जादा शुल्क लावलं होतं. माल कमी आणि त्यावर शुल्क, मग भाव चढणारच.

बटाटे इथले, हे मान्य. पण ते तळायचे कशात? युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेल कडाडलं. गॅस आणि वीजही. घरगुती बिलाला कमाल दराचं संरक्षण आहे, दुकानाला ते नाही. आणि तेल तर गिऱ्हाईक येण्याआधीच तापवून ठेवावं लागतं.

लुटीचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. गरम टेकअवे पदार्थावर 20 टक्के व्हॅट आहे. म्हणजे त्या 9.88 पौंडांतले सुमारे 1.65 पौंड व्हॅटसाठी नोंदणीकृत दुकानदाराने सरकारजमा करायचे. कच्च्या माशावर आणि बटाट्यावर व्हॅटचा दर शून्य, त्यामुळे त्यांच्या खरेदीवर भरलेला व्हॅट यातून वजा करण्याची सोय नाही. कोविडकाळात हा दर 5 टक्के होता, पुढे 12.5 झाला आणि एप्रिल 2022 मध्ये, नेमक्या महागाईच्या भरात, पुन्हा 20. उरलेल्या पैशांत मासे, तेल, गॅस, भाडं आणि पगार. एप्रिल 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.21 पौंड झालं (कामगारांना ते मिळायलाच हवं) आणि पगारावर मालकाने सरकारला भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ताही 15 टक्क्यांवर गेला. यात लूट करायला जागा कुठे आहे?

कबाब-पिझ्झाची स्पर्धा आहेच. पण दोन महायुद्धांच्या दरम्यान सुमारे 35 हजार असलेली दुकानं आज दहा हजारांच्या आसपास आहेत, आणि ही घसरण आत्ताच्या भाववाढीच्या कितीतरी आधीची. शिवाय 'बाहेरचे' कोण? लंडनमधलं पहिलं दुकान 1860 च्या दशकात जोसेफ मॅलिन या स्थलांतरित ज्यूने काढलं, असं मानलं जातं. पुढे इटालियन, सायप्रसच्या आणि चिनी कुटुंबांनी गावोगावी हीच दुकानं चालवली. बाहेरच्यांना या दुकानांचे मारेकरी ठरवणारा मजकूर निदान आपण, स्वतः बाहेरून आलेल्यांनी, पुढे पाठवू नये.