गाडी सुरू न होण्याचे खापर थंडीवर नको

दिवाळी सरून पहाटे जरा गारवा जाणवू लागला की गोव्यातल्या मोबाइलांवर तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘थंडीने बॅटरी आणि इंधन गोठते, म्हणून गाडी सुरू होत नाही. रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवा, चावी फिरवण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर तीन-चारदा दाबा, बॅटरीवर गरम पाणी ओता, तरीही जमले नाही तर धक्का मारा.’ यातले बहुतेक सल्ले आपल्याकडे निरुपयोगी आहेत आणि काही चक्क धोक्याचे.

आधी गोठण्याचे बघू. पणजीत जानेवारीतली पहाट साधारण 20 अंशांची असते. वाळपई, सांगे भागात पारा आणखी थोडा उतरतो, इतकेच. डिझेल साकळण्याची अडचण लडाखची आहे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत चालणारे खास डिझेल आणले. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल तर उणे 50 च्याही खाली गोठते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद घटते हे खरे, पण फोंड्यात शून्य अंश कधी होते?

मग डिसेंबरातच गाडी का अडते? कारण बॅटरीला खरा मार बसतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडते. पाठोपाठ पावसाळ्यातली दमट, खारी हवा बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायची टोके, खाते. अशी अर्धमेली बॅटरी थोड्याशा गारव्यानेही हात टेकते. जहाजावर गेलेल्यांच्या गाड्या तर महिनोन्महिने अंगणात उभ्या असतात आणि अलार्म, घड्याळ हळूहळू चार्ज पीत राहतात. घरच्यांनी बॅटरीची काळी वायर काढून ठेवली, तरी बराच त्रास वाचतो.

बॉनेट उघडून बघा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा चुरा साचलेला असेल, तर तेच पहिले कारण समजा. काळी वायर आधी सोडवा, मग लाल. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडे पुसा, लाल आधी आणि काळी नंतर घट्ट बसवा, वरून थोडे व्हॅसलिन लावा. मेसेजमधल्या गरम पाण्याचे मूळ बहुधा इथेच असावे; पण बॅटरीवर उकळते पाणी ओतले तर तिचे कवच तडकू शकते.

आवाजही ऐका. सेल्फ मारल्यावर कट-कट-कट होत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. मेकॅनिकला फ्युएल पंप, स्पार्क प्लग बघायला सांगा. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास.

अ‍ॅक्सिलरेटर दाबणे हा कार्ब्युरेटरच्या काळातला उपाय. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो, आपण नुसता पाय मारून काही होत नाही. डिझेल गाडीत मात्र डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा.

दहा मिनिटे जागेवर इंजिन चालवल्याने बॅटरी फारशी भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा डिचोलीहून पणजीपर्यंत नीट फेरी मारा. आणि बंद गॅरेजात तर इंजिन कधीच चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो माणसाचा जीव घेतो.

राहिला धक्का. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. मॅन्युअल पेट्रोल गाडीत वारंवार धक्के मारले तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल घ्या: लाल ते लाल, काळ्या केबलचे एक टोक शेजाऱ्याच्या बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला, आणि तिचे शेवटचे टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.