‘आपल्या पगाराला सरकारी कर्ज मिळत नाही’ : एका संदेशाचा प्रतिवाद

अमेरिकेतील मराठी पालकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : चांगला पगार असलेल्या घरातील मुलांना केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आईवडील एच-१बी व्हिसावर असतील तर फॅफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक साहाय्यासाठीचा, अर्ज भरणेच व्यर्थ, आणि ज्यांना कर्ज मिळते त्यांना कमी पडलेले सगळे पैसे पालकांसाठीच्या ‘पालक प्लस’ या सरकारी कर्जातून काढता येतात, जे पुढे मुलाने फेडायचे असते. हे वाचून कोणी अर्जच भरला नाही, तर नुकसान मुलाचे होते, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आर्थिक गरजेची अट फक्त सबसिडी असलेल्या कर्जाला आहे, ज्याचे शिक्षण चालू असतानाचे व्याज सरकार भरते. विनासबसिडी कर्जासाठी घरचे उत्पन्न आड येत नाही. रक्कम मात्र बेताचीच असते : पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही प्रकार मिळून पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, त्यापुढे दरवर्षी ७,५००, आणि पदवीपर्यंत एकूण ३१,००० डॉलर.

व्हिसाबाबतचा गैरसमज अधिक घातक आहे. विद्यार्थ्याच्या कर्जासाठी नागरिकत्वाचा किंवा व्हिसाचा दर्जा पाहिला जातो तो विद्यार्थ्याचा. अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे नागरिक असलेली मुलगी, आईवडील एच-१बीवर असले तरी अर्ज करू शकते. याउलट, लहानपणी एच-४ (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आलेल्या तिच्या थोरल्या भावाला हे कर्ज मिळत नाही. एकाच घरातला हा भेद क्लेशकारक आहे, पण नियम तसाच आहे. ‘पालक प्लस’साठी मात्र पालक स्वतः नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. व्हिसामुळे पालकाला ते घेता येत नसेल, तर मुलीला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला आणखी ४,००० डॉलरपर्यंत विनासबसिडी कर्ज देण्याचा निर्णय महाविद्यालय घेऊ शकते. त्यासाठी तेथील आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे स्वतःहून विचारणा करावी.

आता ‘पालक प्लस’. हे कर्ज कायद्याने पालकाचे असते. मुलाने घरात दिलेल्या शब्दाने ते त्याच्या नावावर जात नाही. २०२५-२६ मध्ये दिलेल्या अशा कर्जाचा व्याजदर ८.९४ टक्के आहे, तर पदवीच्या विद्यार्थ्याच्या कर्जाचा ६.३९ टक्के. शिवाय चार टक्क्यांहून अधिक शुल्क आधीच कापले जाते, त्यामुळे २०,००० डॉलर घेतले तरी १९,२०० सुद्धा हाती पडत नाहीत. ‘सगळे पैसे’ हे म्हणणेही आता मागे पडले आहे. पूर्वी एकूण खर्चातून इतर मदत वजा करून उरलेली सारी रक्कम घेता येत असे. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. त्याच अभ्यासक्रमासाठी त्या तारखेपूर्वी कर्ज घेतलेल्यांना काही काळाची सवलत आहे. नव्याने प्रवेश घेणाऱ्याच्या पालकांनी पहिली तीन वर्षे पूर्ण रक्कम उचलली, तर चौथ्या वर्षासाठी केवळ ५,००० डॉलर शिल्लक राहतात.