केवळ शोभेकरिता

खोटे कागद तयार करणारी बाई, असा माझा लौकिक सध्या ठाण्याच्या कोर्टनाक्यावरच्या एका दुकानात आहे. दुकान रबरी शिक्क्यांचं. मी तिथे गेले होते मामाच्या पंचाहत्तरीचं कार्ड पुरं करायला.

मामा रेल्वेतून रिटायर झालेला. दुकानातल्या कार्डांवर एक तर गुलाब असतात, नाही तर सूर्यास्त. म्हणून कार्ड घरीच करायचं ठरवलं, तेही जुनाट दिसणारं. 16 एप्रिल 1853, बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यात शिरतेय. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे. (सगळे डबे कार्डावर मावेनात. पुढचे तीन नीट काढले, बाकीचे धुरात घातले.)

कृती तशी सोपी. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वॉटरकलरचा कागद घ्यायचा, इन्स्टंट कॉफीचा एक हात द्यायचा, वाळला की दुसरा. कडा पॉलिश पेपरनं घासायच्या आणि तिथे जवळजवळ कोरड्या स्पंजनं बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टिपायचा. रंग मात्र पाण्याचेच हवेत. अॅक्रिलिक लावलंत तर वर प्लॅस्टिकसारखा थर बसतो, शिक्क्याची शाई आत मुरत नाही आणि बोट लागलं की गाडीच पुसली जाते. नवऱ्यानं हा सगळा खटाटोप पाहून एकच प्रश्न विचारला, "कोरा कागद पैसे देऊन आणलास ना? मग खराब का करतेस?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा प्रश्नांना उत्तर देत नाहीत.

पानं, घड्याळ, वेलबुट्टी असले शिक्के ऑनलाइन मिळाले. राहिला होता टपालाचा गोल शिक्का. पॅरिसचा मिळतो, लंडनचा मिळतो, ठाण्याचा मिळत नाही. ठाण्याला जगात कुणी विचारत नाही, हे एक घोडबंदर रोडवर अडकल्यावर कळतं आणि एक असं.

"गोल शिक्का हवाय," मी दुकानदाराला म्हटलं. "वर 'ठाणे', मध्ये तारीख."

"कुठली तारीख?"

"16 एप्रिल 1853."

त्याचं पेन थांबलं. "लेटरहेड आणलंय?"

"कुणाचं?"

"ज्यांचा शिक्का त्यांचं. आणि तुमचं आधार."

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक काका बसले होते. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिला दोन रबरबँड. त्यांनी हात पुढे केला. "बघू तो कागद."

मापासाठी कार्ड बरोबर नेलं होतं. का दिलं कोण जाणे, पण कोर्टनाक्यावर कुणी त्या आवाजात कागद मागितला की हात आपोआप पुढे होतो. काकांनी ते उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला, मग चक्क हुंगलं.

"कॉफी," ते म्हणाले. "चहापेक्षा बरी. पण रंग फार एकसारखा आलाय. खरा जुना कागद घडीवर जास्त पिवळा पडतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"जमिनीची केस आहे आमची. वडिलांपासून. समोरच्या पार्टीनं असाच कागद आणलाय." त्यांनी आवाज खाली आणला. "तीस वर्षं जुना कागद योग्य ताब्यातून आला ना, की त्यावरची सही कोर्ट खरी धरू शकतं. एव्हिडन्स अॅक्ट, कलम 90. आता नवीन कायद्यात 92. तुम्हाला वकिलानं सांगितलं असेलच."

"अहो, मी वाढदिवसाचं कार्ड करतेय. मामासाठी."

"मामा. बरं. मामांची जागा कुठेय?"

"जागा नाही. डोंबिवलीला वन बीएचके आहे."

"रीडेव्हलपमेंटला गेलीय?"

मी गप्प. गेलीय. काकांनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं.

"पण ताई, 1853 चालणार नाही," काका आता मनापासून मदतीला आले. "फार मागे गेलात. 1953 करा, निदान कुणाला तरी पटेल. आणि ही आगगाडी कशाला काढलीत? कागदावर चित्र असलं की संशय येतो."

"काका, तुम्ही यात पडू नका," दुकानदार म्हणाला. "तेलगीचं नाव ऐकलंय ना मॅडम?"

तेवढ्यात स्कूटरवरून एक पोरगा आला. त्यानं गाडी बंदही केली नाही. मोबाइल पुढे केला, एका सोसायटीच्या सेक्रेटरीच्या शिक्क्याचा व्हॉट्सअॅपवरचा अंधुक फोटो दाखवला, "असाच एक पाहिजे" म्हणाला. दुकानदार म्हणाला, "अर्ध्या तासानं ये." लेटरहेड नाही, आधार नाही, तेलगी नाही! त्या शिक्क्यानं उद्या कुणाची एनओसी निघेल, कुणाचं पार्किंग जाईल, त्याची चौकशी नाही. माझ्या शिक्क्यानं फार तर एका म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. हे मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलतेय.

हेन्री कोल आठवला. लंडनचा सरकारी अधिकारी. नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता म्हणून 1843 साली त्यानं हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून कार्ड काढून घेतलं, छापलं, उरलेली विकली. पहिलं छापील नाताळकार्ड ते हेच, असं मानतात. त्यात एका लहान मुलीला वाइन पाजतायत असं चित्र होतं, त्यावरून दारूबंदीवाले खवळले. त्याला दारूबंदीवाले भेटले, मला हे काका.

शेवटी तोडगा काकांनीच काढला. शिक्क्यात खाली 'केवळ शोभेकरिता' असं घालायचं. दुकानदाराला ते पटलं. निगेटिव्ह काढली, पॉलिमरवर ठेवून यंत्रातल्या अतिनील उजेडात घातली. उजेड लागतो तेवढं कडक होतं, बाकीचं ब्रशनं धुतलं की निघून जातं, हे बघायला फार छान असतं. राग नसता तर मी पुन्हा बघितलं असतं. पैसे मात्र चार शब्द वाढले म्हणून जास्त घेतले. चार नव्हते, दोन होते. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलबुक घरी राहिलंय."

निघताना काकांनी बाहेरपर्यंत येऊन विचारलं, "कॉफीत साखर घालता का?"

"नाही."

"आणि किती वेळ ठेवायचा कागद?"

मी रिक्षाला हात केला.

पंचाहत्तरीला मामानं चष्मा लावला. गाडी बघितली नाही, कडा बघितल्या नाहीत, सरळ शिक्क्यावर बोट ठेवलं. "'केवळ शोभेकरिता'? हे कुणी घालायला लावलं?"

मी सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. काका, कलम 90, स्कूटरवरचा पोरगा. मामा पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "बरोबर केलं त्यानं. मी असतो तर तुझ्याकडून लेखी घेतलं असतं."

मग कार्ड मामीकडे देत म्हणाला, "बिल्डरच्या फाइलमध्ये ठेव. कागद जुना दिसतोय, उपयोगी पडेल."